गाडीपुढे चालणारा

राई, भाईंदर पश्चिम
१२ नोव्हेंबर २०२३

ती. आत्माराममामा,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं बरं आहे. विनिता म्हणाली, माझ्या मामांना फोनवर काही ऐकू येत नाही आणि मशीन ते कानात घालत नाहीत, म्हणून लिहायला बसलो. शाळा सुटल्यापासून कोणाला पत्र लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय असा की मी जोंगा घेतलीय. तुम्ही मिलिटरीत चालवायचात तीच, जीपची मोठी बहीण. आर्मीच्या लिलावातून एका भंगारवाल्याने उचलली होती, त्याच्याकडून घेतली. आमच्या जुन्या मिठागराच्या कडेला पत्र्याची शेड टाकून त्यात उभी केलीय. बाबा रोज येऊन बघतात आणि म्हणतात, "ह्या डब्याला न्हाय शेन, न्हाय दूध. कशाला आनलास?"

मामा, तुम्हाला खरं सांगतो. शेत गेलं, मिठागर गेलं, तिथे टॉवर झाले. आम्हाला फ्लॅट मिळाले, भाडं येतं. कोणी विचारलं काय करता, तर मी म्हणतो बिझनेस. बिझनेस म्हणजे सकाळी उठून भाडेकरूंचे गळके नळ बघायचे. हे पहिलं काम आहे जे मी स्वतःच्या हाताने करतोय. संध्याकाळी नखांत ग्रीस असतं तेव्हा जेवण गोड लागतं.

आता अडचणी. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना दात खाते. पुढच्या चाकांना ताकद देणारा दांडा जाम आहे. इथल्या मेकॅनिकांनी अशी गाडी बघितलेली नाही, सगळे म्हणतात, "सेठ, इंजिन बदल दो." मला बदलायचं नाही. काय करू?

मामींना नमस्कार.
तुमचा,
योगेंद्र भोईर


वरची वाडी, ता. पोलादपूर
३ डिसेंबर २०२३

चि. योगेंद्रराव यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा आमची ही म्हणाली, "कोण गेलं?" हल्ली पोस्टमन तेवढ्यासाठीच येतो, असं तिला वाटतं. मी वाचून दाखवलं तेव्हा हसली.

इंजिन बदलू नका. ते सहा सिलिंडरचं इंजिन पेट्रोल पितं, पण दगा देत नाही. गाडी डावीकडे ओढते याचा अर्थ उजवं चाक ब्रेक धरत नाही. चाक उतरवून आतला सिलिंडर स्वतः बघा. गिअर टाकताना क्लच एकदा दाबून भागत नाही. दाबायचा, गिअर मोकळा करायचा, सोडायचा, परत दाबायचा, मग तिसरा. गाडीला घाई आवडत नाही. दांडा जाम आहे त्याला हातोडा मारू नका, डिझेल ओतून मुरू द्या.

पत्र वाचल्यावर मी ओटीवर बसलो होतो. ही म्हणाली, "हात काय हलवताय?" बघतो तर मी गिअर टाकत होतो. फार वर्षांत कोणी मला गाडीबद्दल विचारलं नव्हतं. गावात मला पेन्शनवाला म्हणतात. मी काय चालवायचो हे कोणाला माहीत नाही.

अजून काही विचारायचं असेल तर संकोच करू नका.
आत्माराम शेडगे


राई
१८ फेब्रुवारी २०२४

ती. मामा,

झाली! चालू झाली. उजव्या चाकाचा सिलिंडर गंजून दगड झाला होता, तुम्ही म्हणालात तसंच. काल खाडीच्या रस्त्याने जेट्टीपर्यंत नेऊन आणली. तिसरा गिअर लोण्यासारखा पडला. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत होत्या.

आता आरटीओचं चाललंय. पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो. रंगाचे थर खरवडले तेव्हा पत्र्यावर १९७२ निघालं. साहेबांनी चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली, छाप घेतला. पण फौजी हिरवा रंग सिव्हिल गाडीला चालत नाही म्हणाले. मग वाळूचा रंग दिला. मन खट्टू झालं, पण कायदा आहे. नंबर मिळाल्यावरही रोज फिरवायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शन, रॅली, बस.

एक विनंती आहे. ठाण्यातल्या एकाने आपल्या जीपपुढे बोर्ड लावलाय, ती कुठल्या लढाईत होती त्याचा. लोक तिथेच गर्दी करतात, बाकीच्या गाड्यांपुढून नुसते जातात. माझ्या गाडीबद्दल मी काय सांगू? लिलावात आली, एवढंच माहीत आहे. तुमचा एखादा किस्सा लिहून पाठवा ना. जोंगाचा, तुम्ही चालवत असतानाचा.

योगेंद्र


वरची वाडी
१० मार्च २०२४

चि. योगेंद्रराव,

गाडी चालू झाली हे वाचून दिवस चांगला गेला.

लढाईचा किस्सा माझ्याकडे नाही. मी भरती झालो आणि ट्रेनिंग संपायच्या आत ७१चं युद्ध संपलं. पण तुम्ही विचारलंत म्हणून एक सांगतो. आजवर दोनच माणसांना सांगितलंय, एक आमची ही आणि दुसऱ्या रंभावहिनी.

राघो उतेकर, रंभावहिनींचा नवरा, आमच्याच गावचा, खालच्या वाडीतला. आम्ही एकाच दिवशी भरतीला गेलो. ७८ सालच्या थंडीत आम्ही दोघं तवांगच्या वाटेवर एक आजारी जवान घेऊन जोंगाने खाली येत होतो. ताप त्याच्या डोक्यात गेला होता, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पोचवायचं होतं. धुकं असं पडलं की बॉनेट संपलं की जग संपलं. सगळीकडे बर्फ, रस्ता कुठे आणि दरी कुठे कळेना. मी गाडी थांबवली. राघो म्हणाला, "आत्मा, तू रस्ता शोधू नकोस. माझ्याकडे बघ." आणि उतरला.

त्याच्या गळ्यात लाल मफलर होता, तो त्याने पाठीवर सोडला आणि गाडीपुढे चालायला लागला. उजवा हात वर केला की उजवीकडे, डावा केला की डावीकडे. मी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागे. असे आम्ही कितीतरी लांब आलो. मधेच तो मागे वळून काहीतरी गमतीचं बोलायचा, मला कळायचं नाही, पण मी हसायचो. एका वळणावर बर्फ कड्याच्या बाहेरपर्यंत साठला होता. खाली जमीन नव्हती. त्याने उजवा हात वर केला. मी उजवीकडे घेतलं. परत समोर बघितलं तर हात नव्हता.

तो पुढे नसता तर आम्ही तिघंही गेलो असतो. आजारी जवान वाचला.

घरी तार आली तिच्यात अपघात एवढंच होतं. गावाने त्या शब्दाचं हवं ते केलं. कोणी म्हणालं प्यायला होता, कोणी म्हणालं गाडीखाली आला. मी सुट्टीवर आल्यावर रंभावहिनींना सगळं सांगितलं. त्या तेव्हा विशीच्या होत्या. गावात कोणाला सांगत बसलो नाही. ज्यांनी ठरवलंय त्यांना काय सांगायचं?

हे बोर्डासाठी नाही. आणि ती जोंगा तुमची नव्हे, तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तुम्ही हाताने काम करणारे आहात, तुम्हाला कळेल म्हणून लिहिलं.

आत्माराम


राई
२ सप्टेंबर २०२४

ती. मामा,

उत्तराला फार उशीर झाला, माफ करा. मधे नंबर आला, मग पावसाळा, मग पंधरा ऑगस्टची गडबड. बेव्हर्ली पार्कच्या बाजूच्या मैदानात आम्ही गाड्या लावल्या होत्या. मामा, काय सांगू! माझ्या गाडीपुढे लाइन होती लाइन. शांती नगरमधून सोसायट्याच्या सोसायट्या आल्या. एका पेपरात फोटो आला. बाबा पहिल्यांदा गाडीत बसले आणि उतरायलाच तयार नव्हते. भाडेकरूसुद्धा आता "भोईरसाहेब" म्हणतात.

तुम्ही लिहिलेलं थोडं कामाला आलं. पब्लिकला उभ्या उभ्या समजेल असं थोडं केलंय. कधी इकडे आलात की दाखवीन.

घाईत आहे.
योगेंद्र


राई
१४ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय.

परवा दसऱ्याला शेडमध्ये गाडीची पूजा केली. मी झेंडूची माळ घालत होते, तेवढ्यात एक रिक्षा थांबली. आपल्या गावच्या मुंबई मंडळाचे महिपतदादा उतरले आणि मागून खालच्या वाडीच्या रंभामामी. मला वाटलं माझ्याकडेच आल्यात. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ गाडीपाशी गेल्या.

मामा, गाडीपुढे बोर्ड आहे. मी तो रोज बघते आणि रोज वाटतं की तुम्हाला कळवावं. त्यावर लिहिलंय, "चीन सीमेवर शत्रूच्या गोळीबारात साथीदारांना वाचवताना शहीद राघो उतेकर यांना याच गाडीत वीरमरण आले." महिपतदादांनी ऑगस्टमध्ये मैदानात त्याचा फोटो काढला, तो सगळ्या मंडळात फिरला.

रंभामामींनी यांना विचारलं, "कुठे बसले होते ते?"

मला वाटलं आता हे सांगतील. हे म्हणाले, "इथे, काकी. डाव्या बाजूला."

त्यांनी सीटवरून पदर फिरवला, जसा आपण पाहुण्यासाठी पाट पुसतो तसा. मग विचारलं, "कुठे लागलं?"

महिपतदादा मोबाईलवर शूटिंग करत होते. मग यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मामींनी मान हलवली. माझ्या हातातली माळ घेतली, बॉनेटवर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मी चहा आणायला आत गेले. खरी गोष्ट तुमच्या पत्रात मीही वाचलीय. माझीही जीभ उचलली नाही.

रात्री मी यांच्याशी भांडले. हे म्हणतात, "काकींचा चेहरा बघितलास का? मी काय वाईट केलं?"

तुमची,
विनिता


वरची वाडी
२४ ऑक्टोबर २०२४

योगेंद्रराव,

विनिताला काही बोलू नका. तिने कळवलं नसतं तरी मंडळाच्या पोरांनी तो फोटो इथे घरोघर दाखवलाच आहे.

राघोच्या हातात बंदूक नव्हती. त्या वाटेवर शत्रू नव्हता. तो डाव्या सीटवर नव्हता, तो सीट सोडून उतरला होता, तीच तर सगळी गोष्ट आहे. माणूस दुसऱ्याला रस्ता दाखवत गेला, हे तुम्हाला कमी वाटलं? तुम्ही त्याला परत गाडीत बसवलंत, गोळी घातलीत, आणि वर हार घेतलात.

तुम्ही गाडीचं इंजिन बदललं नाही. मेकॅनिक म्हणाला तरी बदललं नाही. माणसाचं बदलताना हात थांबला नाही का?

बोर्ड काढा. रंभावहिनींकडे या आणि त्यांच्यासमोर सांगा की ही गाडी ती नव्हे. तुम्ही सांगा, मी सांगणार नाही. बोट तुम्ही ठेवलंत.

आत्माराम शेडगे


राई
२० नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

तुमचा राग मी समजू शकतो. पण शांतपणे विचार करा.

मी कोणाचं काय लुटलं? तुमच्या राघोंचं नाव गावात कोणी घेत नव्हतं. तुम्हीच लिहिलंत, लोक बेवडा म्हणायचे. आज हजारो लोकांनी त्यांच्या नावापुढे हात जोडले. "धुक्यात पाय घसरला" असं लिहिलं असतं तर कोण थांबलं असतं? मैदानात माणूस अर्धा मिनिट उभा राहतो, मामा. त्याला दोन ओळींत सांगावं लागतं.

दुसरं, तुम्हाला कदाचित माहीत नसेल. मंडळाने ठरवलंय की गावाच्या वेशीवर राघोंच्या नावाची कमान उभारायची. सव्वीस जानेवारीला उद्घाटन, रंभाकाकींच्या हस्ते. मला गाडी घेऊन बोलावलंय. आता मी तिकडे येऊन काय सांगू? की काकी, सगळं खोटं आहे, कमान पाडा? ते जास्त वाईट नाही का? तुम्हाला सांगायचंच असेल तर तुम्ही सांगा. मी अडवणार नाही.

जानेवारीत येतो तेव्हा पाया पडायला येईन.
योगेंद्र


वरची वाडी
९ मार्च २०२५

योगेंद्रराव,

तुम्ही आलात तेव्हा मी घरातच होतो. आमच्या हिने ताप आहे म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. मला नीट ऐकू येत नाही, पण तुमची गाडी वेशीवर आली तेव्हा ओटीच्या जमिनीतून माझ्या पायांना कळलं. इंजिन चांगलं लागलंय. खिडकीतून बघितलं. रंभावहिनी डाव्या सीटवर बसल्या होत्या, हातात फुलं, आणि तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश आलात. पोरं जयजयकार करत असावीत, सगळ्यांची तोंडं उघडी होती.

तुम्ही लिहिलंत ना, सांगायचं तर तुम्ही सांगा? तुमचं पत्र आल्यावर मी गेलो होतो त्यांच्याकडे. म्हटलं, "वहिनी, ती गाडी ती नाही. आणि ते तसं झालं नाही." त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही मला सांगितलं होतं ते मी विसरले नाही. मी त्या जावयाला मुद्दाम विचारलं, कुठे लागलं. त्याने छातीवर बोट ठेवलं. म्हटलं, असू दे. एवढी वर्षं माझा नवरा दारू पिऊन पडला. आता चार दिवस छातीवर गोळी खाऊन पडू दे. तुम्ही फक्त गप्प बसा."

मी गप्प बसलो.

पुढचं तुम्हाला मंडळाने सांगितलं असेल. कदाचित सांगितलंही नसेल, कारण आता कोणालाच काही सांगायचं नाही. कमानीवर 'शहीद' लिहिलं म्हणून पंचायतीने सैनिक कार्यालयाकडून कागद मागवला. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं. कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू, युद्धात नव्हे. त्यांच्या कागदात आहे तेच त्यांनी लिहिलं, त्यांचं चुकलं नाही. ते उत्तर ग्रामसभेत मोठ्याने वाचलं. रंभावहिनी पुढच्या रांगेत होत्या.

महिपत उठून म्हणाला, "आम्हाला फसवलं." कोणी फसवलं, ते तो बोलला नाही. तुमचं नाव कोणी घेतलं नाही, तुम्ही जावई. मग एकाने विचारलं, पंचायतीला कागद मागवायला लावलं कोणी? सगळे माझ्याकडे वळले. सव्वीस जानेवारीला मी आलो नव्हतो, ते सगळ्यांनी बघितलं होतं. आत्मारामच्या पोटात दुखलं, असं ठरलं. मी उभा राहून राघोची खरी गोष्ट सांगायला लागलो. मला माझाच आवाज नीट येत नाही, किती मोठ्याने बोललो माहीत नाही. पोरं हसत होती. एकाने हाताने वाकडंतिकडं चालणाऱ्या बेवड्याची नक्कल केली.

दुसऱ्या दिवशी कमानीवरच्या नावाला चुना फासला.

रंभावहिनी रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "आधी मी अपघातात गेलेल्याची बायको होते. आता खोट्याची बायको झाले."

राघो खोटं काय बोलला होता, योगेंद्रराव?

आत्माराम


राई
३० मार्च २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस शेडमध्ये गेलो नाही.

बोर्ड काढलाय. मंडळाला फोन केला, महिपतदादा उचलत नाहीत. खरं सांगायचं तर जुन्या गाड्यांच्या आमच्या क्लबमध्येही एकदोघांनी विचारलं, त्यांना मी सांगितलं की माहिती चुकीची मिळाली होती. कोणाकडून, ते सांगितलं नाही. तुमचं नाव मी कुठेही येऊ दिलेलं नाही, एवढी खात्री बाळगा.

मला एक सुचतंय. तुम्ही खरी गोष्ट तुमच्या शब्दांत लिहून पाठवा. मफलर, धुकं, सगळं. जशीच्या तशी मोठ्या अक्षरांत लावतो, एक शब्द बदलणार नाही. राघोंचा फोटो असेल तर तोही पाठवा. एक मे रोजी मोठं प्रदर्शन आहे, भाईंदर, वसई, ठाणे, सगळीकडून गाड्या येणार आहेत. काकींनाही आणायची व्यवस्था करतो. झालेलं सगळं धुऊन निघेल.

विनिता माझ्याशी कामापुरतं बोलते.

योगेंद्र


वरची वाडी
११ मे २०२५

योगेंद्रराव,

तुमचं पत्र वेळेवर मिळालं होतं. प्रदर्शन होऊन जाऊ दिलं आणि मग लिहायला बसलो.

माहिती चुकीची मिळाली, असं तुम्ही सांगितलंत. ती माहिती देणारा मी. माझं नाव घेतलं नाहीत याचे आभार मानू का?

खरी गोष्ट मी तुम्हाला एकदा लिहिली होती. आता ती परत लिहिता येणार नाही. तेव्हा ती ऐकायला माणूस हवा होता, म्हणून लिहिली. आता ती कुठेही लावलीत तरी लोक म्हणतील, आधीची पकडली गेली म्हणून ही दुसरी काढली. माझ्यापाशी ती एवढी वर्षं शाबूत होती. तुमच्याकडे सहा महिनेही टिकली नाही.

फोटो रंभावहिनींकडे होता. तो विचारायला नव्हे, पण काल मी त्यांच्याकडे गेलो. ग्रामसभेनंतर पहिल्यांदाच. वाटलं होतं दार उघडणार नाहीत. उघडलं. पाट दिला, पाणी दिलं. भिंतीवर फोटोची जागा पांढरी दिसत होती. मी तिकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. जवळ येऊन, मला ऐकू जावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "भावजी, त्यांचं नाव आता घेऊ नका. माझ्यासमोर तरी घेऊ नका."

राघोचं नाव घेणारी आम्ही दोघंच उरलो होतो. दरवर्षी त्या दिवशी मी जायचो, त्या चहा करायच्या, आणि तो काय काय बोलायचा ते आम्ही आठवायचो.

मी काल नाव घेतलं नाही. त्यांनी विचारलं, आंबा कसा आहे यंदा? मी म्हटलं, मोहोर गळाला, कमीच आहे. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही कमीच. मग पाणी प्यायलो आणि निघालो.

मला यापुढे पत्र पाठवू नका.

आत्माराम शेडगे